नाशिकहून अंधेरीला: फुटबॉलचा सामना मैदानात बघायचा म्हणजे काय काय

नाशिकचा प्रेक्षक घडला तो क्रिकेटवर. गोल्फ क्लबला, म्हणजे अनंत कान्हेरे मैदानावर, रणजीचा सामना लागला की सकाळी सावकाश जायचं, दोन षटकांच्या मधे शेजाऱ्याशी गप्पा हाणायच्या, उपाहाराला बाहेर पडून काहीतरी खाऊन यायचं आणि परतल्यावर विचारायचं, "काय रे, किती झाले?" फुटबॉल आपण बघतो तो मात्र रात्री साडेबारा नाहीतर दीड वाजता, युरोपातला, मोबाइलवर किंवा कॉलेज रोडच्या एखाद्या कॅफेतल्या पडद्यावर. शहराचा स्वतःचा व्यावसायिक फुटबॉल संघ नाही. जवळचा म्हणावा असा इंडियन सुपर लीगमधला (आयएसएल) मुंबई सिटी एफसी, आणि त्याचं घर अंधेरीला.

त्यामुळे कुणी ना कुणी विचारतंच: एकदा मैदानात जाऊन बघायचंय, पण तिथं असतं काय? जाऊन आलेले लोक "वातावरण भारी असतं" म्हणून मोकळे होतात. त्यानं विचारणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही. गेटवर बाटली का काढून घेतात, काही लोक पूर्ण वेळ उभे का असतात, एवढा ढोल कशासाठी, पाहुण्या संघाच्या लोकांना वेगळ्या दारानं आत का सोडतात, या सगळ्याला कारणं आहेत. आणि त्यातली बरीचशी एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतात: या खेळाला मधे फुरसत नाही.

घड्याळ थांबत नाही

पंचेचाळीस मिनिटांचा एक डाव, पंधरा मिनिटं मध्यंतर, पुन्हा पंचेचाळीस मिनिटं. चेंडू बाहेर गेला, खेळाडू पडला, बदली झाली, तरी घड्याळ चालूच. वाया गेलेला वेळ रेफ्री मनाशी मोजत असतो आणि डाव संपताना तो जोडून देतो. ४५ किंवा ९० व्या मिनिटाला बाजूला उभा असलेला चौथा अधिकारी आकडा दाखवणारी पाटी वर करतो, तो हाच जोडवेळ. पाटीवर ४ आलं म्हणजे किमान चार मिनिटं. त्यातही कुणी वेळ काढला तर रेफ्री आणखी खेळवू शकतो. पाटीवरची मिनिटं संपली की शिट्टी वाजायलाच हवी असं समजून लोक रेफ्रीच्या नावानं ओरडतात ते बहुधा या गैरसमजातून.

या ९०-९५ मिनिटांत चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो साधारण पंचावन्न ते साठ मिनिटं. पण उरलेल्या वेळाचे तुकडे इतके बारीक असतात की त्यात तुम्हाला काही करता येत नाही. थ्रो-इन, म्हणजे बाजूच्या रेषेबाहेर गेलेला चेंडू हातानं आत टाकणं, दहा सेकंद. गोल किक, म्हणजे गोलपुढून चेंडू मारून पुन्हा सुरुवात, वीस. एका सामन्यात गोल होतात सरासरी अडीच-तीन. पाच मिनिटांसाठी वडापाव आणायला उठलात आणि त्यातला एक हुकला, तर संध्याकाळचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. शिवाय मैदानात समालोचक नाही. मोठा पडदा असला तरी वादाचा प्रसंग तुम्हाला हवा तितक्या वेळा कुणी फिरवून दाखवत नाही.

म्हणून फुटबॉलला खाणंपिणं, गप्पा, संघावरची चर्चा, सगळं सामन्याच्या आधी आणि नंतर ढकललं जातं. साडेसातच्या सामन्याला माणसं साडेपाचलाच आवारात दिसतात ती याच कारणानं. मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत स्वच्छतागृह किंवा खाण्याची रांग यांपैकी एकच साधेल असं धरून चाला. नाशिकच्या माणसानं सकाळी मिसळ खाऊनच निघावं. स्टेडियमच्या आतल्या खाण्याबद्दल मी चांगलं बोलणार नाही.

कुठं बसायचं

तिकिटं ऑनलाइन निघतात आणि बहुतेकदा मोबाइलवरचा कोड दाखवून आत जाता येतं. खरा प्रश्न जागेचा. क्रिकेटमध्ये खेळ मधल्या बावीस यार्डांवर चालतो, त्यामुळे कुठंही बसलं तरी फार बिघडत नाही. इथं शंभर-सव्वाशे यार्ड लांबीचं मैदान आणि खेळ सतत या टोकाकडून त्या टोकाकडे.

लांब बाजूच्या स्टँडमध्ये, मध्यरेषेजवळ आणि जमेल तितकं उंच बसलात तर संघाची रचना दिसते. बचावफळी चौघांची आहे की तिघांची, चेंडू हरवल्यावर कोण धावत मागे येतो आणि कोण कमरेवर हात ठेवून उभा राहतो, हे टीव्हीवर कधीच नीट दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूच्या मागे असतो. पहिल्याच वेळी जाणाऱ्यानं ही जागा घ्यावी असं माझं मत. दहा मिनिटं चेंडू सोडून फक्त एका खेळाडूवर नजर ठेवून बघा. बचावपटू चेंडू लांब असतानाही किती बोलतो, हात दाखवून किती जणांना हलवतो, ते कळतं. मैदानात येण्याचे पैसे तिथं वसूल होतात.

गोलमागच्या स्टँडमधून खेळ निम्माच कळतो. समोरच्या टोकाचा हल्ला किती पुढे गेलाय याचा अंदाज येत नाही, नुसती डोकी दिसतात. पण मध्यंतराला बाजू बदलतात, त्यामुळे एक डाव आपला संघ तुमच्या पुढ्यातल्या गोलवर चालून येतो, आणि तेव्हा जाळीत शिरणाऱ्या चेंडूचा आवाजसुद्धा ऐकू येतो. कोणत्या डावात ते नाणेफेकीवर ठरतं. जिंकणारा कर्णधार कोणत्या गोलवर हल्ला करायचा ते निवडू शकतो, आणि काही संघ मुद्दाम दुसऱ्या डावात आपल्या पाठीराख्यांच्या दिशेनं खेळता येईल अशी बाजू मागतात.

मैदानाचा आकारही बघावा. अंधेरीचं मुंबई फुटबॉल अरीना लहान आहे, गच्च भरलं तरी दहा हजारांच्या आतच गर्दी, पण स्टँड जवळ आहेत. नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम क्रिकेटसाठी बांधलेलं, गोलाकार. तिथं चौकोनी फुटबॉल मैदान आखलं की कडेला बरीच मोकळी जागा उरते आणि खेळ लांबून बघितल्यासारखा वाटतो. २०१४ आणि २०१५ चे हंगाम मुंबई सिटी तिथंच खेळली आणि २०१६ पासून अंधेरीला आली. संघाच्या चाहत्यांना हा बदल मानवला यात नवल नाही.

आधीचा तास

सामन्याच्या सुमारे तासभर आधी अकरा जणांची यादी जाहीर होते. फुटबॉलच्या गप्पांना खरा रंग चढतो तो इथं, कारण यादीतून प्रशिक्षकाचा बेत उघडा पडतो. मग आधी गोलरक्षक मैदानात येतात, त्यांच्या मागून बाकीचे. टीव्ही हा भाग दाखवत नाही, आणि नवीन माणूस याच वेळी बाहेर फोटो काढत असतो. सरावात कोण डाव्या पायानं मारतोय, कॉर्नर, म्हणजे कोपऱ्यातून मारायची किक, कोण घेणार, दुखापतीतून आलेला खेळाडू मांडी धरून चालतोय का, हे सगळं वीस मिनिटांत दिसून जातं. तेव्हा किमान तासभर आधी आत बसायला हवं.

नाशिकहून हे जमवायचं तर सकाळी नाशिक रोडवरून पंचवटी एक्स्प्रेसनं जावं आणि दुपार मुंबईत काढावी. उशिरा निघणाऱ्यांसाठी महामार्ग बसस्थानकावरून एसटी आहेच. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून गाडीवाल्यांचा कसारा घाट टळतो, पण भिवंडी आणि ठाण्याची कोंडी टळत नाही. रेल्वेनं येणाऱ्यानं दादरपर्यंत जायचीही गरज नाही. कल्याण किंवा ठाण्याला उतरून लोकलनं घाटकोपर, तिथून वर्सोव्याची मेट्रो, आणि अंधेरीच्या पुढचं आझाद नगर स्थानक. तिथून शहाजीराजे क्रीडासंकुल चालत जाण्यासारखं. हे मैदान त्याच संकुलात आहे.

गेटवरची कटकट

पाण्याची बाटली नाही, नाणी नाहीत, लायटर नाही, झेंड्याची काठी नाही, बऱ्याच ठिकाणी पॉवर बँकही नाही. एकदा बाहेर पडलात की परत आत नाही. पाहुण्या संघाचा शर्ट घालून यजमानांच्या स्टँडमध्ये बसू देत नाहीत, दिलं तरी बसू नये. पहिल्यांदा जाणारा यावर वैतागतो.

फेकता येण्याजोग्या वस्तू काढून घेण्याचं कारण उघड आहे. लोकांना वेगवेगळं बसवण्यामागचं कारण जुनं आणि जड आहे. १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालचा सामना होता. एकाच स्टँडमध्ये दोन्ही बाजूंचे लोक होते. मैदानावर दोन खेळाडू भिडले, ते भांडण गॅलरीत पसरलं, लोक पळत सुटले आणि चेंगराचेंगरीत १६ जण मेले. इंग्लंडमध्ये १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर तर भांडणही नव्हतं. आधीच भरलेल्या, उभ्यानं सामना बघायच्या गॅलरीत गेट उघडून आणखी माणसं सोडली गेली, पुढे लोखंडी जाळी होती, आणि ९७ माणसं गेली. त्यानंतरच्या चौकशीतून इंग्लंडच्या वरच्या श्रेणीच्या मैदानांवर प्रत्येकाला खुर्ची सक्तीची झाली. १ ऑक्टोबर २०२२ ला इंडोनेशियात सामना संपल्यावर पोलिसांनी गॅलरीवर अश्रुधूर सोडला, माणसं अरुंद दारांकडे धावली आणि १३५ मेली.

नाशिककरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. २००३ च्या सिंहस्थात शाहीस्नानाच्या दिवशी अरुंद गल्लीतल्या चेंगराचेंगरीत काय झालं ते इथं अजून लोकांच्या तोंडी आहे. गर्दीत माणूस मरतो तो बहुधा तुडवून नाही, उभ्या उभ्या गुदमरून. छातीवर चारी बाजूंनी दाब आला की श्वास आत घेता येत नाही. म्हणून गर्दीचं सगळं शास्त्र एवढ्यावर येऊन थांबतं की एका जागी किती माणसं सोडायची आणि ती बाहेर किती दारांनी काढायची. फुटबॉलमध्ये अडचण अशी की सगळे प्रेक्षक एकाच मिनिटाला उठतात. क्रिकेटच्या रणजी सामन्याला माणसं दिवसभर पाझरत येतात, पाझरत जातात. इथं शेवटची शिट्टी वाजली की अख्खं स्टेडियम दाराशी. पाहुण्यांच्या लोकांना बऱ्याचदा दहा-पंधरा मिनिटं आतच थांबवून ठेवतात ते यासाठी. त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही.

गोलमागची मंडळी

मुंबई सिटीच्या संघटित पाठीराख्यांचं नाव वेस्ट कोस्ट ब्रिगेड. केरळा ब्लास्टर्सचे मंजप्पडा, बंगळुरूचे वेस्ट ब्लॉक ब्लूज. ही मंडळी क्लबची नोकर नसतात. बॅनर रंगवणं, गाणी बसवणं, दुसऱ्या शहरात जायची सोय करणं, सगळं आपल्या खिशातून आणि आपल्या वेळेत.

त्यांच्यात एक माणूस नीट बघा. तो कठड्यापाशी उंचावर उभा असतो, हातात भोंगा, आणि तोंड लोकांकडे. सामन्याकडे पाठ! मिरवणुकीत ढोलपथकाच्या पुढे उलट्या पावली चालत, हातवारे करून ठेका बदलणारा जो असतो, तेच त्याचं काम. तो नसेल तर पाचशे माणसं पाच जागी पाच वेगळ्या लयीत ओरडतात आणि ऐकणाऱ्याला नुसता गोंगाट येतो. तो कधी गाणं खाली आणतो, फक्त टाळ्या ठेवतो, कॉर्नर मिळाला की एकदम वर नेतो. गोल कोणी मारला हे त्याला समोरच्यांच्या चेहऱ्यावरून कळतं. तिकीट काढून आलेल्या माणसानं सामना बघायचाच नाही, हे मला अजूनही थोडं वेडेपणाचं वाटतं. पण तो नसला की स्टँड किती लवकर गार पडतो, तेही बघितलं आहे.

ढोलाचं म्हणाल तर नाशिकचा हात लांबवर पोचला आहे. केरळात उत्सवांना, निवडणुकीच्या मिरवणुकांना आणि फुटबॉलच्या जल्लोषाला जो ढोल वाजतो त्याला तिथं 'नासिक ढोल' असंच म्हणतात. कोचीतले पिवळे शर्टवाले, म्हणजे ब्लास्टर्सचे पाठीराखे, ज्या ठेक्यावर नाचतात त्याचं माहेर गोदाकाठी आहे, हे इथल्या किती पथकांना ठाऊक असेल कोण जाणे. स्वतःचा ढोल घेऊन अंधेरीला जायचा विचार असेल तर मात्र थांबा. वाद्यांना आधी परवानगी लागते आणि ती साधारणपणे पाठीराख्यांच्या संघटनेमार्फत मिळते. त्यांना आधी कळवलं तर नवा ढोलवाला कुणाला नको असतो!

या आरड्याओरड्याचा खेळावर परिणाम होतो का? होतो, आणि करोनानं ते दाखवून दिलं. मे २०२० मध्ये जर्मनीची बुंडेसलिगा रिकाम्या मैदानांत पुन्हा सुरू झाली तेव्हा यजमान संघांचे विजय ठळकपणे घटले. पाठोपाठ आलेल्या अभ्यासांत आणखी एक गोष्ट पुढे आली: प्रेक्षक नसले की रेफ्री पाहुण्या संघाला आधीपेक्षा कमी कार्डं दाखवतात. म्हणजे आवाज खेळाडूंइतकाच रेफ्रीच्याही कानात शिरतो. आता गंमत बघा, मुंबई सिटीनं २०२०-२१ मध्ये लीग शील्ड (गुणतक्त्यात पहिलं येण्याची) आणि चषक (अंतिम सामन्याचा) दोन्ही जिंकले ते गोव्यात, रिकाम्या स्टँडपुढे. आणि ४ मे २०२४ ला दुसऱ्यांदा चषक घेतला तो कोलकात्यात, मोहन बागानच्या भरगच्च घरात, ३-१ नं. तेव्हा प्रेक्षकांमुळे सामना जिंकतात वगैरे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी जरा बेतानं घ्यावं. पारडं झुकतं, पण इतकंच.

अंधेरीच्याच मैदानाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १ जून २०१८ ला इथं भारत आणि चायनीज तैपेई (म्हणजे तैवान) यांच्यात सामना झाला. भारत ५-० नं जिंकला, कर्णधार सुनील छेत्रीनं तीन गोल केले, आणि बघायला अधिकृत नोंदीप्रमाणे २,५६९ माणसं. दुसऱ्या दिवशी छेत्रीनं एक व्हिडिओ टाकला: आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या. ४ जूनचा केनियाविरुद्धचा सामना त्याचा भारतासाठी शंभरावा होता. तिकिटं संपली. पावसात भिजत लोक बसले आणि भारत ३-० नं जिंकला. तीन दिवसांत संघ बदलला नव्हता, मैदान बदललं नव्हतं.

मराठी मुलखात पाठीराख्यांची ही जात आधीपासून आहे, ती कोल्हापुरात. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध खंडोबा या तालमींच्या संघांचा सामना असला की पेठाच्या पेठा उठून येतात. तिथल्या माणसाला अंधेरीत काहीच नवं वाटणार नाही, उलट गर्दी कमीच वाटेल.

झेंडा वर गेला, तुम्ही नाचताय

पहिल्यांदा जाणाऱ्याची फजिती हमखास होते ती ऑफसाइडला. नियम थोडक्यात असा: चेंडू पास होतो त्या क्षणी, समोरच्या अर्ध्या मैदानात, तुम्ही चेंडूच्याही पुढे आणि प्रतिस्पर्ध्यांच्या मागून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे असाल आणि मग खेळात भाग घेतलात, तर ऑफसाइड. मागून पहिला बहुधा गोलरक्षक असतो, म्हणून व्यवहारात शेवटच्या बचावपटूशी तुलना करायची. डोकं, धड, पाय धरतात; हात धरत नाहीत.

आयएसएलमध्ये युरोपसारखी व्हिडिओ पंचांची सोय रुळलेली नाही, तेव्हा सारं रेषेवरच्या सहायक रेफ्रीच्या नजरेवर. चेंडू जाळीत गेला की गोलमागचे लोक उड्या मारतात, एकमेकांच्या गळ्यात पडतात. लांब बाजूच्या स्टँडमधल्यांना मात्र वर गेलेला झेंडा आधीच दिसलेला असतो आणि ते डोक्याला हात लावून बसलेले असतात. म्हणून जाणता प्रेक्षक चेंडू जाळीत गेल्याबरोबर आधी त्या रेषेकडे बघतो. झेंडा खाली असेल आणि सहायक मध्यरेषेकडे पळत असेल, तर खुशाल नाचा.

परतीचं

साडेसातला सुरू झालेला सामना सव्वानऊ-साडेनऊच्या सुमारास संपतो. लगेच पळू नका. खेळाडू मैदानाला फेरी मारून पाठीराख्यांच्या स्टँडपुढे येतात, हात वर करून सगळ्यांबरोबर एका ठेक्यात टाळ्या वाजवतात. २०१६ च्या युरो स्पर्धेत आइसलँडच्या लोकांनी ही पद्धत जगभर पोचवली आणि आपल्याकडे ती पक्की रुजली. हरलेल्या दिवशीही खेळाडू येतात, आणि तेव्हा त्यांना काय ऐकावं लागतं तेही ऐकण्यासारखं असतं.

दहा मिनिटं थांबल्यानं मेट्रोची पहिली झुंबडही ओसरते. परतीची पंचवटी संध्याकाळीच सुटून गेलेली असते, तेव्हा रात्री उशिरा नाशिक रोडला थांबणाऱ्या लांब पल्ल्याच्या एखाद्या गाडीचं आरक्षण आधीच करून ठेवायचं. आरक्षण नसेल तर त्या गाड्यांत उभं राहायलाही जागा मिळत नाही. चार-पाच जण असाल तर गाडी करून आलेलं बरं. घरी पोचेस्तोवर दीड-दोन होतात, म्हणून शक्यतो शनिवारचा सामना धरावा.

आणि तिकीट काढण्याआधी सामन्याची तारीख पुन्हा एकदा तपासा. भारतीय फुटबॉलमध्ये ती गृहीत धरता येत नाही. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता. नव्याचं काही ठरेना, म्हणून जुलै २०२५ मध्ये कंपनीनं पुढचा हंगाम थांबवून ठेवला, आणि एरवी सप्टेंबरच्या सुमारास सुरू होणारी लीग फेब्रुवारी २०२६ पर्यंत लांबली. एरवीही टीव्हीच्या सोयीनं वेळ साडेसातची पाच होते. पाचचा सामना लागला तर मात्र सोडू नका. सातला सुटलात की जेवायला इगतपुरी गाठता येते.